फॉइलमध्ये गुंडाळलेले कान

घरात त्याला सगळे तज्ज्ञ म्हणत. हे नाव धाकट्या बहिणीने ठेवलं होतं आणि ठेवताना तिला हसू आवरत नव्हतं. त्याने हसण्याकडे काणाडोळा केला, शब्द तेवढा उचलला आणि वर्षानुवर्षं अंगावर मिरवला.

त्याचं काम होतं माहितीपुस्तिका लिहिण्याचं. मिक्सर, इस्त्री, गीझर, केस वाळवायचं यंत्र यांच्या खोक्यात जी चोपडी येते आणि जी कुणीच वाचत नाही, ती तो लिहायचा. यंत्राच्या आतलं सगळं इंजिनीअर लोक लिहून द्यायचे. त्याच्या वाट्याला यायचं ते पहिलं पान, इशाऱ्यांचं. ओल्या हातांनी स्पर्श करू नये. पाती फिरत असताना भांड्यात चमचा घालू नये. लहान मुलांपासून दूर ठेवावे. यंत्र कसं चालतं असं कुणी विचारलं की तज्ज्ञ घसा खाकरायचा आणि पाणी मागायचा. पण ते कशाने बिघडतं असं विचारलं, की स्वारी सुटली. बायको म्हणायची, "तुला जगात काय काय करू नये एवढंच येतं." यात टोमणा आहे हे त्याला बऱ्याच उशिरा कळलं.

तर या तज्ज्ञाला एकदा आपल्या आत्याला विमानाने बाबांकडे घेऊन जायचं होतं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. एका मोठ्या इस्पितळात मेट्रन होती, आणि निवृत्त झाली तरी चालणं, बोलणं, उशी झटकणं, सगळं मेट्रनचंच राहिलं होतं. बाबा कोर्टात लघुलेखक होते. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं मुकाट्याने उतरवून घेतलं आणि स्वतःचं सगळं घरासाठी राखून ठेवलं. बाबांचे टोमणे प्रसिद्ध होते. आवाज चढवायचा नाही, वर बघायचं नाही, चहात साखर ढवळता ढवळता एक वाक्य सोडून द्यायचं. आत्या निवृत्तीनंतर काही दिवस राहायला आली होती, तेव्हा बाहेरच्या खोलीत बाबा शेजाऱ्याला म्हणाले, "आता काय, बाईसाहेबांचा कायमचा मुक्काम." आत्या आत कपड्यांच्या घड्या घालत होती. त्या वेळी तिचे कान शाबूत होते. तिने त्याच घड्या बॅगेत भरल्या आणि संध्याकाळच्या आत निघून गेली. त्यानंतर दोघं एकमेकांची खुशाली विचारायची ती तज्ज्ञामार्फत.

पुढे बाबा दूरच्या शहरात तज्ज्ञाच्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेले, आणि यंदा न्हाणीघरात घसरून त्यांनी पाय मोडून घेतला. फोनवर तज्ज्ञाला म्हणाले, "ताई काही यायची नाही म्हणा." बाबांच्या भाषेत हे निमंत्रण होतं. तज्ज्ञाने ते आत्याला कळवलं. आत्या म्हणाली, "तिकीट काढ. आणि खिडकीजवळची जागा घे."

आता आत्याला ऐकू कमी येत होतं. दोन्ही कानांमागे बसणारी दोन इवलीशी श्रवणयंत्रं तिने नुकतीच घेतली होती. ती त्यांना "माझे कान" म्हणायची. रात्री "कान काढून ठेवते" आणि सकाळी "कान कुठे गेले माझे?" हे कान निवडायला तज्ज्ञ सोबत गेला होता आणि त्याने दुकानदाराला विचारून विचारून भंडावून सोडलं होतं. त्यामुळे त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी आपलीच, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

प्रवासाच्या आदल्या दिवशी त्याने आत्याला समोर बसवलं.

"विमानतळावर बॅगा क्ष-किरणांच्या यंत्रातून जातात. आपण स्वतः धातू ओळखणाऱ्या कमानीतून जातो. दोन्ही ठिकाणी नाजूक उपकरणांना धोका असतो."

"कसला धोका?" आत्याने विचारलं.

तज्ज्ञाने घसा खाकरला. "लहरी असतात त्या."

"माझ्या वॉर्डात क्ष-किरणांचं यंत्र दाराबाहेर होतं. माझ्या घड्याळाला कधी काही झालं नाही."

"आत्या, घड्याळ वेगळं आणि श्रवणयंत्र वेगळं."

हे वाक्य इतकं खरं होतं की त्यावर आत्याला काही बोलता येईना. तज्ज्ञाला वाटलं, आपण पटवून दिलं. मग त्याने स्वयंपाकघरातून अ‍ॅल्युमिनिअम फॉइलची गुंडाळी आणली आणि रात्रीच्या जेवणापर्यंत हार्ड डिस्क, पॉवर बँक, दाढीचं यंत्र, गजराचं घड्याळ, जुना फोन, जास्तीचा फोन आणि टॉर्च यांना तीन-तीन पदरी फॉइल चढवलं. बायको दारात उभी राहून बघत होती. "डबा भरतोयस का?" एवढंच म्हणाली. हे शास्त्र त्याने कुठे वाचलं होतं, हे त्याला पुढेही कधी आठवलं नाही. बहुधा कुठेच नाही.

विमानतळावर तपासणीची रांग हळूहळू सरकत होती. लोक पट्टे काढत होते, खिशातली नाणी ट्रेमध्ये टाकत होते, एक गृहस्थ बूट हातात धरून मोज्यांवर उभे होते. तज्ज्ञाने आत्याला बाजूला घेतलं.

"आत्या, कान दे."

"इथे? आणि त्यांनी काही विचारलं तर?"

"मी आहे ना."

आत्याने नाइलाजाने दोन्ही यंत्रं काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने खिशातून फॉइलचा खास राखून ठेवलेला तुकडा काढला, दोन्ही यंत्रांची छानशी पुडी बांधली आणि बॅगेतल्या त्या चंदेरी गोतावळ्यात ठेवून दिली. मग त्याने आत्याला कमानीकडे पाठवलं आणि बॅग सरकत्या पट्ट्यावर चढवली.

कमानीपलीकडे एक सुरक्षा कर्मचारी बाई हातात तपासणीची कांडी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आजी, खिशात काही आहे का?"

आत्याला ओठ हललेले दिसले. समोर यंत्र, अंगावर गणवेश, हातात उपकरण. मेट्रनला या थाटात एकच प्रश्न विचारला जाणं शक्य होतं. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "हो, उपाशीपोटी आहे. सकाळपासून चहासुद्धा नाही."

बाईंनी हसू दाबलं. "हात जरा बाजूला करा."

"शुगर नाही. बी.पी. आहे, पण गोळी घेतलीय."

मागच्या रांगेत खसखस पिकली. बाईंनी शेवटी स्वतःचेच हात पसरून दाखवले. आत्याने बघून बघून केलं आणि सुखरूप पार झाली. हा सगळा प्रकार तज्ज्ञाच्या डोळ्यांसमोर घडत होता, पण त्याला मदतीला जाता येत नव्हतं, कारण त्याची बॅग थांबली होती.

पट्टा थांबला, जरा मागे गेला, पुन्हा पुढे आला. पडद्यासमोर बसलेल्या तरुणाने मान तिरकी केली. मग शेजाऱ्याला बोलावलं. शेजाऱ्यानेही मान तिरकी केली. तज्ज्ञाला तेवढ्यातल्या तेवढ्यात पडदा दिसला. नारिंगी कपड्यांच्या मधोमध निळ्या-हिरव्या गोळ्यांचा घोस आणि त्यांना वेढून वायरींची वेटोळी. क्षणभर त्याला आपल्या बॅगेचा अभिमानच वाटला. दुसऱ्या क्षणी बॅग वेगळ्या रुळांवर ढकलली गेली.

"ही कुणाची?"

"माझी," तज्ज्ञ म्हणाला, आणि आपला आवाज बारीक झाल्याचं त्याच्या लक्षात आलं.

तरुणाने हातमोजे चढवले आणि बॅग उघडली. एकेक चंदेरी गोळा बाहेर येऊ लागला. रांगेतले लोक मान उंचावून बघू लागले.

"साहेब, हे काय आहे?"

"पॉवर बँक."

"आणि हे?"

"दाढीचं यंत्र."

"मग हे गुंडाळलंय कशाला?"

"क्ष-किरणांपासून संरक्षण म्हणून."

तरुणाने त्याच्याकडे जरा सहानुभूतीने पाहिलं, जसं ताप आलेल्या माणसाकडे बघतात. "या कागदाने किरण अडत नाहीत. नुसता आमचा संशय वाढतो. सगळं काढा आणि पुन्हा ट्रेमध्ये सुटं ठेवा."

मग तज्ज्ञ भर रांगेत फॉइल सोलत बसला. हार्ड डिस्क सोलली, घड्याळ सोललं, दोन्ही फोन सोलले. मागे खोळंबलेले लोक घड्याळाकडे बघत होते. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणत होती, "सँडविच आणलीत वाटतं." स्फोटकांचा माग काढायला तरुणाने कापडाची एक पट्टी वायरींवरून फिरवली, ती पट्टी दुसऱ्याच यंत्रात घातली, आणि काही सापडलं नाही तेव्हा तज्ज्ञाला जरा अपमानच वाटला. सगळ्या वस्तू पुन्हा यंत्रातून गेल्या आणि जशाच्या तशा बाहेर आल्या. पॉवर बँकेचा दिवा लागला. घड्याळ चालू होतं. क्ष-किरणांनी कशालाही धक्का लावला नव्हता.

टेबलावर फॉइलचा ढीग उरला. तज्ज्ञ शिस्तीचा माणूस. त्याने सगळे तुकडे गोळा केले, दोन्ही हातांनी चेपून त्यांचा घट्ट चेंडू केला आणि शेजारच्या कचरापेटीत टाकला. आपण मागे पसारा ठेवला नाही याचं त्याला त्या अवस्थेतही समाधान वाटलं.

आत्या पुढे बाकावर बसली होती. तो शेजारी जाऊन बसला, तिला चहा आणून दिला. चहा संपल्यावर तिने कानाला हात लावून तळवा पुढे केला.

तज्ज्ञाने बॅग उघडली. वरचा कप्पा बघितला. बाजूचा बघितला. वायरी बाहेर काढल्या, कपडे बाहेर काढले, मोज्यांच्या आत हात घालून पाहिलं. मग त्याचे हात एकदम थांबले. घट्ट चेंडू चेपताना मधे काहीतरी टणक लागलं होतं, ते त्याच्या तळव्यांना आता आठवलं.

तो पळाला. धापा टाकत तपासणीच्या टेबलापाशी पोचला, तर कचरापेटीत नवी कोरी पिशवी लावलेली. मघाच्याच सुरक्षा कर्मचारी बाई तिथे होत्या. त्याने सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी लगेच वायरलेसवर कुणाशी तरी बोलून बघितलं, आणि मान हलवली.

"खाली गेला तो कचरा. खाली सगळ्या इमारतीचा एकत्र होतो. तक्रार नोंदवून ठेवते, पण आशा धरू नका." मग त्यांना राहवलं नाही. "पण आजींनी काढलीच कशाला यंत्रं?"

तज्ज्ञाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याची नजर खांबावर गेली. खांबाला चारही बाजूंनी फलक लावलेला होता. रांगेत असताना त्याचं डोकं त्या फलकापासून हातभर अंतरावर होतं. त्यावर कानाचं मोठं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं: 'श्रवणयंत्रे काढून ठेवण्याची आवश्यकता नाही.'

खरं सांगायचं तर रांगेत असताना त्याने हा फलक पाहिला होता. पाहिला होता आणि मनात म्हणालाही होता, केवढं लांबलचक वाक्य, मी असतो तर 'श्रवणयंत्रे काढू नका' एवढंच लिहिलं असतं. शब्द मोजले होते, अर्थ तेवढा घ्यायचा राहिला होता. सूचना लिहिण्यावर ज्याचं पोट चालतं, त्यानेही सूचना वाचायची ती अशी.

तो परत आला तेव्हा विमानात बसायची वेळ झाली होती. आत्याला त्याने खुणांनी सांगायचा प्रयत्न केला. कान दाखवले, चेंडू केला, टाकला. आत्याला काही तरी वेगळंच समजलं असावं, कारण तिने त्याला पाण्याची बाटली दिली. विमानात बसल्यावर त्याने फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. ऐकू येत नसलं की आपण किती मोठ्याने बोलतो याचा आत्याला अंदाज राहत नसे.

"कचऱ्यात टाकलेस? माझे कान?"

पुढच्या रांगेतली माणसं वळली. मागचीही उठून बघू लागली.

तज्ज्ञाने मान खाली घातली.

"मी म्हटलं होतं ना, वॉर्डात घड्याळाला काही झालं नाही म्हणून! तू म्हणालास, मी आहे ना!"

हवाई सुंदरी लगबगीने आली. "काही मदत हवी आहे का?" तिने विचारलं. आत्याने तिच्याकडे बघून गोड हसत सांगितलं, "उपाशी नाही आता, चहा झालाय." आणि खिडकीबाहेर बघत बसली. वाटेत एकदाच वळून म्हणाली, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तरी बरं, दात माझेच आहेत."

बहिणीचं औषधांचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच घर. जिना चढताना तज्ज्ञाने तिला झालेला प्रकार सांगितला. ती कठड्याला धरून हसली आणि मग एकदम गंभीर झाली. "अरे, पण बाबा आठवडाभर तयारी करून बसलेत."

"कसली?"

"बोलण्याची."

बाबा खिडकीपाशी आरामखुर्चीत बसले होते. प्लास्टरमधला पाय स्टुलावर होता, दाढी ताजी केलेली होती. आत्या आत आली तशी त्यांनी वर न बघता, कपातली साखर ढवळत, हलक्या आवाजात पहिलं वाक्य सोडलं.

"या. वाट चुकलात वाटतं."

आत्याने मान डोलावली. "हो, प्रवास छान झाला."

बाबांचा चमचा थांबला. त्यांनी दुसरं वाक्य काढलं. "नाही म्हटलं, आमच्यासारख्यांकडे वेळ मिळाला."

"मी बरी आहे. तू वाळलास मात्र."

बाबांनी मुलाकडे पाहिलं. तज्ज्ञाने सगळी हकीकत सांगितली, फॉइलपासून कचरापेटीपर्यंत. बाबा ऐकत राहिले. आयुष्यात प्रथमच मुलाच्या एखाद्या गोष्टीवर त्यांना टोमणा सुचला नाही. एवढंच म्हणाले, "म्हणजे हिला काही ऐकूच येत नाही?"

"मोठ्याने बोललं तर येतं."

बाबांनी करून बघितलं. श्वास घेतला आणि ओरडले, "वाट चुकलात वाटतं!"

"नाही रे," आत्या म्हणाली, "टॅक्सीवाल्याला नीट माहीत होती."

बाबांची पंचाईत झाली. त्यांची सगळी कला हळू आवाजातली. तेच वाक्य ओरडून म्हटलं की साधी चौकशी होऊन जाई. त्यांनी आणखी दोनदा प्रयत्न केला आणि दमून मागे टेकले. तोवर आत्याने पर्स ठेवून बाह्या सरसावल्या होत्या. प्लास्टरच्या कडेने बोट फिरवलं, पायाची बोटं दाबून बघितली, "हलव. आता ही हलव," असं म्हटलं, स्टुलावर उशी बरोबर त्या जागी सरकवली जिथे ती बहिणीने इतके दिवस सरकवली नव्हती. बाबांचा चेहरा सैल झाला.

"बरं वाटतं?" आत्याने विचारलं.

"बरं वाटतं!" बाबा ओरडले. यात कुठेही टोमणा दडलेला नव्हता. स्वतः बाबांनाही ते जाणवलं असावं, कारण ते लाजले.

जेवणं झाली. आत्या खिडकीत उभी राहून रस्ता बघत होती. बाबांनी तिच्या पाठीकडे बघितलं आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "महिनाभर राहिली तर बरं होईल."

तज्ज्ञाने ते ऐकलं. आत्या वळली. तिने ऐकलं असणं शक्य नव्हतं, पण हवेतलं काहीतरी कळलं असावं. "काय म्हणाला हा?"

बाबांनी डोळे वटारले. त्या नजरेला तज्ज्ञ लहानपणापासून घाबरत आला होता. एरवी त्याने घसा खाकरून काहीतरी गोलमाल सांगितलं असतं, वर स्वतःचे दोन सल्लेही जोडले असते. पण आज दिवसभर त्याची इतकी शोभा झाली होती की आणखी काही गमावायला शिल्लक नव्हतं. तो म्हणाला, "बाबा, तुम्हीच सांगा. मोठ्याने."

"काही नाही म्हणालो मी."

"काय?" आत्या पुढे आली.

"काही नाही!"

"काय नाही?"

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. सुटकेचा मार्ग नव्हता, पाय प्लास्टरमध्ये होता.

"राहा म्हणतोय!"

"कुणी?"

"तू! तू राहा! इथे!"

"ते कळलं. राहा असं म्हणतोय कोण?"

"मी म्हणतोय! मी!" बाबांचा आवाज खाली दुकानापर्यंत गेला. औषध घ्यायला आलेल्या एका माणसाने जिन्यातून डोकावून विचारलं, सगळं ठीक आहे ना. बहीण हात पुसत बाहेर आली आणि दारातच थबकली. बाबांचे कान लाल झाले होते.

आत्याने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. "ओरडू नकोस, श्वास लागेल," ती म्हणाली. "राहते. पण उशीला हात लावायचा नाही." मग आपली बॅग उचलून ती आतल्या खोलीत गेली. तिने पहिल्याच वेळी ऐकलं होतं का, हे तज्ज्ञाने पुढे अनेकदा विचारलं. आत्या प्रत्येक वेळी म्हणाली, "काय?"

चार दिवसांनी तज्ज्ञ एकटा परत निघाला. बॅग हलकी होती. पट्ट्यावरून ती एका दमात पलीकडे गेली, कुणी मान तिरकी केली नाही, कुणी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. सामान उचलताना त्याला उगाचच चुकल्यासारखं झालं. इथेही खांबावर तोच फलक होता, तो मात्र त्याने वरपासून खालपर्यंत, दोनदा वाचला. मागचे लोक खोळंबले.

हरवलेले कान सापडले नाहीत. बहिणीने ओळखीच्या डॉक्टरांकडे नेऊन आत्याला नवे करून दिले, आणि तज्ज्ञाला ते बसवून झाल्यावरच कळवलं. त्याला जरा लागलं, पण कारण विचारायची त्याची छाती झाली नाही. काही दिवसांनी आत्याचा फोन आला. मागे बाबांचा आवाज येत होता, खालच्या पट्टीतला, संथ, साखर ढवळतानाचा.

"ऐकू येतं ना आता स्वच्छ?" तज्ज्ञाने विचारलं.

"सगळं येतं," आत्या म्हणाली. "आत्ताच म्हणाला, 'बाईसाहेबांनी घराचं इस्पितळ केलं.'"

तज्ज्ञाने घाईने विचारलं, "मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, पेशंटने बडबड करायची नाही." ती हसली. पलीकडून बाबाही काहीतरी पुटपुटले आणि तीही उलट काहीतरी पुटपुटली, इतक्या हळू की तज्ज्ञाला एक अक्षर कळेना. त्याने फोन कानाला घट्ट धरला. काही उपयोग झाला नाही. दोघं बराच वेळ तसंच बोलत राहिली, फोन चालू आहे हे विसरून.

"आत्या," त्याने शेवटी मोठ्याने म्हटलं, "एक लक्षात ठेव. नवी यंत्रं आहेत, तर आंघोळीच्या वेळी..."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.